पाच तारे कुठल्या गावचे?

हीट पंपावर पीएच.डी.चा प्रस्ताव लिहिणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं : 'हीट पंपाची कार्यक्षमता ३०० ते ४०० टक्के असते.' दुसऱ्या परिच्छेदात पंचतारांकित एसीचा आकडा येतो. तिसऱ्यात 'म्हणून ग्रामीण भागासाठी हे तंत्रज्ञान उपयुक्त आहे' असा निष्कर्ष. मुलाखतीत कुणी विचारलं, 'हा आकडा कुठल्या हवेत मोजलाय?', की गाडी तिथेच थांबते.

आजचा लेख त्या आकड्याबद्दल आहे. एसीवर चिकटवलेलं ताऱ्यांचं लेबल आपण एखादं पुस्तक तपासावं तसं तपासणार आहोत. लेबल काय सांगतं, कशाच्या जोरावर सांगतं आणि काय सांगायचं टाळतं, हे बघू. तपासायला एक जागा हवी, म्हणून भातसानगर घेऊ. शहापूर तालुक्यातली ही धरणाची वसाहत. एप्रिल-मे मध्ये इथल्या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो, जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, ऑक्टोबरात घाम सुटतो आणि पौष महिन्यात पहाटे शाल लागते. एकाच गावात चार परीक्षा. लेबल यातल्या कितीत पास होतं?

आधी यंत्र

हीट पंप म्हणजे काहीतरी परदेशी, नवं, असं समजू नका. तुमच्या घरातला फ्रिज हीट पंपच आहे, एसीसुद्धा. उष्णता आपणहून गरम जागेकडून थंड जागेकडे जाते, आणि हे यंत्र वीज खर्च करून तिला उलट दिशेने नेतं. नळ्यांमधून फिरणारं शीतक, ज्याला मेकॅनिक नुसतं 'गॅस' म्हणतात, खोलीतल्या थंड नळीत उकळतं आणि उष्णता शोषून घेतं. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, त्यामुळे ते तापतं. बाहेरच्या नळीत त्याचं परत द्रव होतं आणि ते उष्णता सोडून देतं. मग बारीक वाटेतून त्याचा दाब उतरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दिशा बदलणारा व्हॉल्व्ह बसवला की हेच यंत्र हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत आणतं. विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, इमारती अशा रीतीने तापवता आणि थंड करता येतील हे १८५२ सालीच मांडलं होतं.

'४०० टक्के' हा शब्दप्रयोग इथेच फसवतो. यंत्र उष्णता निर्माण करत नाही, वाहून नेतं. एक युनिट वीज खर्चून चार युनिट उष्णता हलवली, तर या गुणोत्तराला सीओपी म्हणतात, आणि तो ४ झाला. ऊर्जा कुठूनही जास्तीची आलेली नाही. हमालाच्या मजुरीपेक्षा पोत्यातल्या धान्याची किंमत जास्त असते, त्यात नवल काय?

पण धान्य किती उंच चढवायचंय त्यावर मजुरी ठरते. आतली नळी १० अंश सेल्सियसवर आणि बाहेरची ५० वर असेल, तर आदर्श यंत्राचा सीओपी २८३ भागिले ४०, म्हणजे साधारण ७. आतली १२ वर आणि बाहेरची ३८ वर असेल, तर २८५ भागिले २६, म्हणजे जवळपास ११. प्रत्यक्षातलं यंत्र याच्या निम्म्याच्या आसपास पोचतं. यंत्र तेच, आकडा दीडपट. म्हणून तापमानं न सांगता दिलेला सीओपी म्हणजे 'धावपटूने शर्यत १२ सेकंदांत पूर्ण केली' असं सांगून अंतर न सांगण्यासारखं आहे.

लेबलचं श्रेय लेबलला

टीका करायची तर आधी समोरच्याचं बळ मान्य करावं. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या जुन्या पद्धतीत एसी बाहेर ३५ अंश असताना पूर्ण भारावर चालवून एकच आकडा काढत. इन्व्हर्टर एसीवर यात अन्याय होत होता, कारण त्याची खरी कमाई अर्ध्या भारावर, कॉम्प्रेसर हळू फिरताना होते. म्हणून २०१५ मध्ये हंगामी गुणोत्तर आलं, आयएसईईआर. सुरुवातीला ते ऐच्छिक होतं, २०१८ पासून सक्तीचं झालं. यात बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंशांच्या खणांत वाटतात, प्रत्येक खणाला वर्षातले काही तास देतात, एकूण १६०० तास. प्रत्येक खणात किती उष्णता काढावी लागेल आणि किती वीज जाईल याचा हिशेब करून बेरजांचा भागाकार करतात. एका बिंदूवरून आपण हंगामावर आलो, ही चांगली सुधारणा आहे. दुकानात दोन यंत्रं शेजारी ठेवून तुलना करणाऱ्या माणसाला हा आकडा खरंच उपयोगी पडतो.

मग तक्रार कशाबद्दल? दुकानातला हा आकडा जसाच्या तसा प्रबंधात येऊन बसतो, त्याबद्दल. दोन यंत्रांमध्ये कुठलं बरं, हे सांगायला केलेला आकडा 'या गावात या घरात किती वीज लागेल' या प्रश्नाचं उत्तर म्हणून वापरला जातो. प्रश्न बदलला, उत्तर तेच राहिलं.

जुलैतली ओल

चाचणीच्या वेळी खोलीतली हवा कशी असते बघा. कोरड्या तापमापीवर २७ अंश, ओल्या फडक्याच्या तापमापीवर १९ अंश. यावरून सापेक्ष आर्द्रता निघते सुमारे ४७ टक्के आणि दवबिंदू १५ अंशांच्या जरासा खाली. आता भातसानगरची जुलैतली एक संध्याकाळ धरा : २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के. दवबिंदू २५ अंशांच्या वर. चाचणीतल्या एक किलो हवेत सुमारे १० ग्रॅम बाष्प असतं. आपल्या हवेत २० ग्रॅम. दुप्पट!

हिशेब पुढे नेऊ. ही हवा २७ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला आणायची आहे. म्हणजे एक किलो हवेमागे १ अंश तापमान आणि ७ ग्रॅम बाष्प काढायचं. १ अंशासाठी लागतो सुमारे १ किलोज्यूल. ७ ग्रॅम बाष्पाचं पाणी करायला, दहावीच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा आठवा, सुमारे १७ किलोज्यूल. म्हणजे बाहेरून शिरणाऱ्या हवेपुरतं बोलायचं तर काम एक भाग थंड करण्याचं आणि सतरा भाग कोरडं करण्याचं. लेबलच्या सूत्रात मात्र भार ठरतो तो फक्त बाहेरच्या तापमानावरून. ३५ अंशांना पूर्ण भार, तापमान उतरेल तसा कमी. २८ अंश म्हटलं की सूत्र म्हणतं, आज काम हलकं आहे.

'माझ्या खोलीत एवढी हवा कुठे शिरते?' असं म्हणाल. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत साधारण ४० किलो हवा मावते. दारा-खिडक्यांच्या फटींतून तासाला एकदा जरी ती बदलली, तरी २८० ग्रॅम बाष्प दर तासाला आत येतं. आठ तासांच्या झोपेत सव्वादोन लिटर पाणी. कौलारू घरात हवा तासाला एकदाच बदलेल, असं मानायला मी तरी तयार नाही.

आता एक बारीक गोष्ट, कारण इथे बरेच जण घाईत चुकीचं लिहितात. दमट हवेत एसीचा सीओपी घसरतो, असं नाही. उलट आतली नळी जरा उबदार राहिल्याने तो सुधारूही शकतो. चुकतं ते भाराचं गृहीतक. शिवाय लेबल ओलीकडे पूर्ण दुर्लक्ष करतं असंही म्हणता येत नाही, चाचणीतल्या एकूण क्षमतेत बाष्प काढण्याचं काम मोजलेलं असतं. अडचण अशी की ते वेगळं दाखवलेलं नाही. मोठी आणि कमी थंड नळी वापरली की कॉम्प्रेसरवरचा चढ कमी होतो, आकडा वाढतो, तारे वाढतात. पण कमी थंड नळीवर दव कमी जमतं. इन्व्हर्टर एसी हळू चालायला लागला की हेच आणखी होतं. खोली २६ वर आली तरी अंग चिकट ते चिकटच. मग माणूस काय करतो? रिमोट घेतो आणि २० वर लावतो. जानेवारी २०२० पासून एसी मुळात २४ अंशांवर लावलेला यावा असा नियम आहे, पण २४ वरही चादर दमट लागत असेल तर नियम रिमोटपाशी हरतो. वाचवलेली वीज तिथे परत जाते, आणि आपण प्रबंधात लिहितो 'वापरकर्त्यांमध्ये जागरूकतेचा अभाव'. अहो, त्याला उकडत नाहीये, चिकचिकतंय. त्याच्या हातात ओलीचं बटण दिलंय का कुणी?

वेगळा निकष ठेवता येतो याचा दाखला आहे. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ग्लोबल कूलिंग प्राइझ या स्पर्धेत यंत्राने खोली २७ अंशांच्या आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत ठेवायची, अशी दुहेरी अट होती. २०२१ मध्ये ग्री आणि डायकिन यांच्या गटांना ते बक्षीस विभागून मिळालं. पुढे आपल्याच ठाणे जिल्ह्यात, डोंबिवलीजवळच्या पलावा वसाहतीत, अशा जातीच्या यंत्रांची प्रत्यक्ष चाचणीही झाली. म्हणजे ओल मोजायची म्हटलं तर मोजता येते. लेबलवर तिच्यासाठी दुसरा आकडा छापायला शास्त्राची अडचण नाही, असं माझं मत आहे. 'दमट हवेत तासाला इतके लिटर पाणी काढतो' एवढी एक ओळ पुरे.

ते १६०० तास कुणाचे?

लेबलवर वर्षाला लागणारी युनिट्स लिहिलेली असतात. ती १६०० तासांसाठी आहेत, म्हणजे रोज आठ तास धरले तर २०० दिवस. भातसानगरात ज्या घरी एसी आहे, तिथे तो एप्रिल, मे, अर्धा जून आणि ऑक्टोबर एवढाच रात्री चालत असेल तर तास ८०० ते ९०० होतात. लेबलवरची युनिट्स अशा घराला निम्म्याने चुकवतात. आणि खण? ते देशातल्या अनेक शहरांच्या हवामानावरून बनवलेले आहेत. राजस्थानातली कोरडी दुपार आणि कोकणातली दमट रात्र एकाच सरासरीत ढवळली की जे गाव तयार होतं, ते नकाशावर कुठेच नाही. पाच तारे त्या गावचे आहेत.

सरासरी वाईट नसते, तिच्याशिवाय देशभर एक लेबल निघणारच नाही. पण सरासरीवरून एका ठिकाणाबद्दल बोलताना आपण ती उघडून बघायची असते. तासांचे खण बदला, तुमच्या तालुक्याचे घाला, आणि तेच सूत्र पुन्हा चालवा. एका स्प्रेडशीटचं काम आहे. ते न करता परदेशी पेपरातला हंगामी सीओपी उचलून शहापूरला लावणं तर आणखी वाईट. युरोपातले ते आकडे घर तापवण्याचे आहेत, बाहेर शून्याच्या आसपास हवा असतानाचे.

उरलेली अर्धी गोष्ट

इथे माझा लेबलवरचा सगळ्यात मोठा आक्षेप येतो. हीट पंपाला दोन टोकं असतात, आणि लेबल एकाच टोकाचा हिशेब ठेवतं. आत थंड केलं एवढं मोजलं. बाहेर फेकलेली उष्णता, म्हणजे आतून काढलेली अधिक खर्च झालेली सगळी वीज, हिशेबाबाहेर. त्याच परिस्थितीत तापवण्याचा सीओपी हा थंड करण्याच्या सीओपीपेक्षा बरोबर १ ने जास्त असतो, तो याच कारणाने.

'पण आपल्याकडे घर तापवायला कुणाला लागतं?' बरोबर आहे. भातसानगरला गरम-थंड एसीचं गरम बटण वर्षात चार दिवसही दाबलं जाणार नाही. पण आपल्याकडे तापवतात ते पाणी. अंघोळीचं पाणी बाराही महिने लागतं आणि ते चुलीवर, बंबात, रॉडने किंवा गिझरने तापतं. घरातली उष्णतेची खरी गरज ही आहे. हीट पंपाचं मराठी घरातलं काम शोधायचं असेल तर न्हाणीघरात शोधा.

धरण समोर आहे, तर त्यावरच हिशेब करू. २० लिटरची बादली २५ वरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे १,६७४ किलोज्यूल लागतात. भातसा धरणाची उंची सुमारे ८८ मीटर. तेवढ्या उंचीवरून एक लिटर पाणी पडलं तर त्यातून ०.८६ किलोज्यूल मिळते, आणि वाटेत काहीच वाया गेलं नाही असं धरू. म्हणजे रॉडने एक बादली तापवायला धरणावरून १,९४० लिटर पाणी पडावं लागेल, सत्त्याण्णव बादल्या! तेच पाणी ३.५ सीओपीच्या हीट पंपाने तापवलं तर सुमारे ५५५ लिटर, अठ्ठावीस बादल्या. धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॅटचं वीजकेंद्र आहे आणि पाणी पुढे मुंबईला जातं. मुंबईच्या सात जलाशयांत सगळ्यात जास्त साठा याच भातशाचा. अशा ठिकाणी राहून विजेचं मोल पाण्यात मोजायला शिकलं पाहिजे.

कोळशाच्या विजेचा हिशेबही करून ठेवा, कारण परीक्षक विचारतील. कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाची वीज होते. त्या विजेने रॉड तापवला तर जळणाच्या तीन भागांतला एकच भाग बादलीत पोचतो. ३.५ सीओपीचा हीट पंप लावला तर तीन भागांच्या जागी साडेतीन पोचतात. म्हणजे '३५० टक्के' हा आकडा कोळशाच्या खाणीपासून मोजला तर जेमतेम ११७ टक्के होतो. यंत्र तेवढंच चांगलं आहे, आपण सीमा कुठे आखली त्यावर आकडा बदलला.

पावसाळ्यात सौर बंब रुसतो तेव्हा हा पंप मात्र खूश असतो, कारण त्याला ऊन नको, उबदार हवा हवी. दमट असली तर आणखी बरं, बाष्पाचा अप्रकट उष्माही त्याला मिळतो. ज्या ओलीने वर लेबलला अडचणीत आणलं, तीच इथे कामाला येते. पण इथेही जाहिरातीतला आकडा किती अंशांच्या पाण्यासाठी आहे ते विचारा. ४५ ला मिळणारा सीओपी ६० ला मिळत नाही, चढ वाढतो. आणि पहिली किंमत रॉडच्या कितीतरी पट असते. मोळी डोक्यावर आणणाऱ्या बाईला 'परतफेडीचा कालावधी' सांगून चालणार नाही. तिच्या हिशेबात लाकडाला पैसे पडत नाहीत, वेळ आणि मान मोडते, आणि तो खर्च आपल्या कुठल्याच गुणोत्तरात नाही.

तुम्ही काय करायचं

संशोधनाच्या तयारीत कुठलाही आकडा समोर आला की त्याला चार प्रश्न विचारा. कुठल्या हवेत मोजला? कशाला कशाने भागलं? सरासरीत काय विरघळलं? आणि सीमा कुठे आखली? या चार प्रश्नांची उत्तरं पहिल्या पानावर असली तर तुमचा प्रस्ताव गर्दीतून वर येईल.

आणि नुसतं वाचत बसू नका, मोजा. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी एका बादलीत सोडा आणि रात्रभर जमलेलं पाणी वजन करा. एक लिटर पाण्यामागे यंत्राने सुमारे २,४५० किलोज्यूल, म्हणजे ०.६८ युनिट उष्णता फक्त ओल काढण्यात हलवली. पाच लिटर जमले तर ३.४ युनिट. सोबत वीजमापक लावून रात्रीची युनिट्स टिपा, आणि आत-बाहेर एकेक साधा आर्द्रतामापक ठेवा. हे मे महिन्यात करा, जुलैत करा, ऑक्टोबरात करा. तीन महिन्यांच्या तीन बादल्या शेजारी ठेवल्या की लेबलने जे एका आकड्यात झाकलंय ते लिटरमध्ये दिसेल.

शहापूर-मुरबाडच्या दहा घरांत हे कुणी एक वर्षभर केलं, तर त्यातून बरा प्रबंध उभा राहील. आणि पुढे कधी लेबल बदलायची चर्चा झाली, तर 'आमच्याकडे दमट असतं' या तक्रारीऐवजी टेबलावर ठेवायला आकडे असतील. बादली तर घरात आहेच.